स्मरणिकेच्या फॉर्ममध्ये 'जीवनातील यश (३ ओळी)' असा रकाना आहे, काय लिहू?

वाकडकर_४१

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण एका फालतू गोष्टीवर आठ दिवस डोकं अडकलंय आणि घरी सांगितलं तर हसतील.

आमची दहावीची बॅच २०००ची, बार्शीची शाळा. पंचवीस वर्षं झाली म्हणून दिवाळीनंतर गेट-टुगेदर ठरलंय, सकाळी शिक्षकांचा सत्कार, दुपारी जेवण, संध्याकाळी कराओके (ह्याची वेगळीच भीती आहे). मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की स्मरणिका काढू, आणि ग्रुपवर गूगल फॉर्म आला. नाव, गाव, हुद्दा, कंपनी किंवा व्यवसाय, आणि शेवटचा रकाना 'जीवनातील यश (३ ओळी)'. त्याला लाल चांदणी आहे, म्हंजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही.

ज्यानं फॉर्म बनवला त्यानं उत्तरांची शीट पण सगळ्यांना उघडी ठेवलीय. झालं, रोज रात्री ती शीट उघडून बघतो. एकाचा चाकणला कारखाना, चाळीस माणसं कामाला. एक तहसीलदार. एक डॉक्टर जोडपं, सोलापुरात स्वतःचं हॉस्पिटल. एक न्यू जर्सीला, त्याच्या तीन ओळींच्या सहा ओळी झाल्यात. जो माझ्या मागच्या बाकावर बसून माझं गणित उतरवायचा त्याचे बार्शीत दोन पेट्रोल पंप आहेत.

आणि मी? हिंजवडीला टेस्टिंगमध्ये, सतरा वर्षं झाली, सीनियर लीड. यंदा अप्रेझलला परत मधला बँड मिळाला, माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं मॅनेजर झाली. वाकडला टू बीएचके, कर्ज चालू. मुलगा आठवीत. काही वाईट चाललंय असं नाही, पण रात्री साडेतीनला जाग येते ती येतेच. मागच्या महिन्यात बीपी मोजलं, १४६/९४. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं मीठ कमी, चालणं रोज, टेन्शन कमी. टेन्शन कमी हे पण गोळीसारखं लिहून दिलंय, फक्त सकाळी का रात्री ते लिहिलं नाही.

तर प्रश्न असा की तुम्ही स्वतःचं यश कशात मोजता? म्हंजे रोजच्या आयुष्यात, झोप लागेल असं काहीतरी. सुविचार नकोत, ते फॅमिली ग्रुपवर रोज येतात.

उगाच_कशाला

लिहून टाक, 'शाळेचा ग्रुप म्यूट करण्यात यश'. एकच ओळ पण दमदार.

द्राक्षवाला_निफाड

दादा मी दहावीनंतर सरळ शेतीत, साडेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. आमच्याकडे तुमच्यासारखं अप्रेझल नाही, आमचं अप्रेझल अख्खं गाव करतं आणि रोज करतं.

माझी पद्धत सांगतो. एक्स्पोर्टला प्लॉट नोंदवला की फवारणीची वही ठेवावीच लागते, कुठलं औषध, किती ग्रॅम, कोणत्या तारखेला, काढणीच्या किती दिवस आधी. युरोपात माल जायचा तर रेसिड्यू, म्हंजे मालात उरलेला औषधाचा अंश तपासतात, वही खोटी लिहून चालत नाही. ती वही लिहिता लिहिता मला सवय लागली. डावं पान माझं. गोडी छाटणी कधी धरली, डोळे फुटायची पेस्ट वेळेवर लागली का, डिपिंग (घड औषधात बुडवणं) झालं का, पहाटे उठून डाऊनी रोग बघायला प्लॉटात गेलो का नाही. उजवं पान आभाळाचं आणि व्यापाऱ्याचं. पाऊस किती झाला, भाव काय निघाला, गाडी कधी आली, पैसे कधी आले (आले तर).

आता ऐका. २०१९ला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबेचना, आठवत असेल. माझी बाग नेमकी फुलोऱ्याच्या आधी. ट्रॅक्टर प्लॉटात घुसत नव्हता, चाकं रुतायची, म्हणून बांधावर ट्रॅक्टर उभा करून नळ्या ओढत आम्ही दोघं भाऊ रात्री बारापर्यंत फवारायचो, सकाळी परत पाऊस, परत तेच. निम्मे घड जिरले, उरलेल्यात कूज. गावात चर्चा काय, तर ह्याला जमत नाही, भाऊबंदात ज्याची छाटणी उशिरा होती त्याची वाचली तर तो हुशार. आणि त्याच्या आदल्या साली मी खरंच आळस केला होता, दोन फवारण्या चुकवल्या, मुलाच्या जावळाला चार दिवस सासुरवाडीला होतो, पण हवा कोरडी राहिली, माल निघाला, किलोला भाव ७८ सापडला. त्या साली गावानं मला प्रगतशील शेतकरी म्हणून नारळ दिला.

म्हंजे ज्या साली मी चुकलो त्या साली सत्कार आणि ज्या साली जीव तोडला त्या साली येडा. तेव्हापासून मी सीझन संपला की आधी डावं पान वाचतो. ते बरं असलं तर साल पास. उजवं पान नंतर वाचतो, आणि ते वाचताना चहा घेऊन बसतो, कारण कधी कधी लागतो.

तुमचा तो मधला बँड उजव्या पानावरचा आहे. तुमचं डावं पान काय, ते तुम्हीच सांगा.

आणि हां, खोटं बोलत नाही, सोसायटीचं कर्ज डाव्या पानावर फिटत नाही. ते उजव्याच पानावर असतं.

खडूस_अकाउंटंट

शेवटच्या ओळीसाठी द्राक्षवाले भाऊंना शंभर मार्क. सगळे 'व्याख्या बदला' म्हणतात, व्याख्या बदलून हप्ता कमी होत नाही.

वाकडकर, रागावू नका पण मी रोज टॅक्सचे क्लायंट बघते त्यावरून सांगते. तुमच्या वयाच्या दहा माणसांना विचारलं किती पैसे पुरेत, तर नऊ जण 'अजून थोडे' म्हणतात आणि दहावा आकडा सांगतो तो शेजाऱ्याचा असतो. पुरेसं म्हंजे किती हे ठरवलंच नसेल तर चाकणवाल्याचे चाळीस कामगार बघून तुमचं पोट दुखणारच, कारण रेषच कुठे आखलेली नाही ना. तर यशबिश बाजूला ठेवा, आधी एवढं सांगा, कर्ज किती राहिलंय, व्याजदर काय, किती वर्षं, टर्म इन्शुरन्स आहे का, आणि उद्या नोकरी गेली तर किती महिने घर चालेल.

वाकडकर_४१

@खडूस_अकाउंटंट ताई, बाकी ३१ लाख, साडेआठ टक्के, दहा वर्षं. हप्ता ३८,४००च्या आसपास. टर्म आहे, एक कोटीचा. नोकरी गेली तर चार महिने, फारतर पाच.

@द्राक्षवाला_निफाड भाऊ, तुमची वही चोरतोय. पण खरं सांगू, डाव्या पानावर लिहायला बसलो तर पहिल्यांदा काहीच सुचलं नाही, तेच जास्त लागलं.

खडूस_अकाउंटंट

बघा, घाबरण्यासारखं काहीच नाही. आधी चार महिन्यांचे सहा महिने करा, ते पैसे एफडीत टाका आणि विसरून जा. त्यानंतर महिन्याला दहा हजार जास्तीचे कर्जात भरा. ४८,४००नं ३१ लाख साडेआठनं साधारण ८६ महिन्यांत संपतात. दहा वर्षांचं काम सव्वासात वर्षांच्या आत. बँकेला लेखी सांगा की जास्तीच्या पैशानं मुदत कमी करा, हप्ता नको, नाहीतर ते आपल्या सोयीनं करतात. फ्लोटिंग रेट असेल तर वैयक्तिक होमलोनला प्रीपेमेंटचा दंड लागत नाही.

हा झाला तुमचा आकडा. आता पेट्रोल पंपवाला तिसरा पंप काढू दे नाहीतर चौथा, तुमच्या ८६मधला एक महिना वाढत नाही की कमी होत नाही.

माजी_अभ्यासिकावासी

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं, मोठं होईल, माफ करा.

मी सात वर्षं पुण्यात एमपीएससी केली. सदाशिव पेठ, सहा जणांत एक खोली, सकाळी सातला अभ्यासिकेत खुर्ची धरायची, दुपारी मेसचा डबा, संध्याकाळी शास्त्री रोडला चहा आणि त्या चहावर कट-ऑफची चर्चा. एकदा राज्यसेवा मुख्यपर्यंत गेलो, एकदा पीएसआय सव्वा मार्कानं गेली. सव्वा मार्क म्हंजे काय ते ज्याचा गेला त्यालाच कळतं, आंघोळ करताना पण तो एक प्रश्न आठवतो ज्यात बरोबर उत्तर आधी केलं होतं आणि मग बदललं.

आमच्याकडे यशाची व्याख्या एकदम स्पष्ट होती, वाकडकरदादांसारखा गोंधळच नाही. पीडीएफ यायची. ती उघडायची, शोधायच्या चौकटीत बैठक क्रमांक टाकायचा, आणि सापडला तर माणूस नाहीतर कोणी नाही. मी एकदा मोबाईलवर शोधला, नाही दिसला, तर लॅपटॉपवर शोधला, मग मित्राच्या मोबाईलवर. जणू काही त्याच्या मोबाईलवरच्या पीडीएफमध्ये वेगळे लोक पास झालेत.

मार्च २०२१ला १४ तारखेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली. कोरोना. नवी पेठेत पोरं रस्त्यावर उतरली, मी पण होतो. रात्री घोषणा देताना शेजारी एकजण उभा, त्याचं वय ३६, डोक्यावर केस नाहीत, हातात टिफिनची पिशवी. घोषणा देता देता मध्येच मला म्हणाला मेस बंद होईल रे, नऊ वाजले. परीक्षा आठवड्यात २१ला झाली, मी दिलीही. पण तो टिफिन माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग मी एक तारीख लिहिली. वहीच्या मागच्या पानावर, ३१ डिसेंबर २०२२. तोपर्यंत झालं तर झालं, नाहीतर त्या दिवशी खोली सोडायची. ती तारीख लिहिल्यावर जे पहिल्यांदा झोपलो ना, तसा पाच वर्षांत झोपलो नव्हतो. स्वप्न तेच होतं, अभ्यास उलट जास्त झाला, फक्त शेवट कुठे आहे ते माहीत झालं.

नाही झालं. ३१ला खोली सोडली. आता तालुक्याला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर, सातबारा. गंमत म्हंजे एमपीएससीचे फॉर्मपण मीच भरून देतो. पहिलं वर्ष वाईट गेलं, लग्नाकार्यात 'कुठल्या पोस्टवर आहात' विचारलं की मी पाणी प्यायला जायचो. आता सांगतो, झेरॉक्सच्या पोस्टवर.

दादा, तुमच्या शीटमध्ये तहसीलदार आहे ना, त्याच्या तीन ओळी मला वाचायच्यात खरंतर. त्याच्या बॅचला किती जण पहिल्या यादीच्या खाली राहिले हे त्याला नक्की माहीत असेल.

पीटीचे_सर_कोल्हापूर

वरच्या सव्वा मार्कावरून एक सांगतो. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे व्हिडिओवर दाखवून अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला होता, १९९५ला प्रसिद्ध झाला. रौप्यवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसले. कारण रौप्यवाला वर बघतो, सोनं गेलं. कांस्यवाला खाली बघतो, मी चौथा असतो तर हात हलवत घरी गेलो असतो.

आम्हा कोल्हापूरकरांना हे अभ्यास न वाचता कळतं. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला कांस्य घेतलं, तर इथं सोनंच आल्यासारखे फटाके. पात्रता फेरीत तो सातवा होता, ५९० गुण, फायनलला आठच जण जातात. त्याच्या आधी महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक पदक म्हंजे १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांचं, तेपण कांस्य. मध्ये ७२ वर्षं गेली. खाशाबा गोळेश्वरला परतले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, 'अरेरे तिसरा आला' असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

वाकडकर साहेब, तुम्ही शीट वरून खाली वाचताय. एकदा खालून वर वाचा.

माजी_अभ्यासिकावासी

सर तुमचा मान राखून, सव्वा मार्कवाला म्हंजे चौथा नंबर. त्याच्यावर कुणी अभ्यास केलाय का? :)

पीटीचे_सर_कोल्हापूर

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही बाबा. चौथ्यासाठी मैदानावर मी फक्त पाण्याची बाटली घेऊन जातो आणि काही बोलत नाही.

आणि 'खालून वर वाचा' हे मी घाईत लिहिलं, ते मागे घेतो. कुणाचं खाली असणं बघून आपण खूश व्हायचं हे पोरांना शिकवणार नाही तर इथं कशाला.

एडिसनहून

वाकडकर, तुझ्या शीटमधला सहा ओळीवाला मी नाही, पण असू शकलो असतो. मी नगरचा, इथे न्यू जर्सीत एडिसनला. माझ्या ओळी आधीच सांगतो. चार बेडरूमचं घर, बेसमेंट, दोन गाड्या, मुलगी रोबोटिक्समध्ये.

आता ज्या ओळी कोणी लिहीत नाही त्या. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, प्रायॉरिटी डेट, म्हंजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१५ची. एच-वन व्हिसावर आहे म्हंजे नोकरी गेली तर साठ दिवस, तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर चार बेडरूम इथेच सोडून बॅगा भरायच्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधून अकरा जण एका सकाळी गेले, त्या आठवड्यात मी पण साडेतीनलाच उठायचो, तुझ्यात माझ्यात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक एवढाच. आई आजारी होती तेव्हा गेलो नाही, व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलो तर परत येता येणार नाही ह्या भीतीनं. नंतर गेलो. नंतर म्हंजे नंतरच.

रडगाणं म्हणून नाही सांगत, मी इथे स्वतःच्या मर्जीनं आलो आणि बरंच मिळालंय. पण तो फॉर्म मला आला असता तर मीपण सहा ओळीच लिहिल्या असत्या आणि ही वरची पॅरा लिहिली नसती. तू शीट बघतोयस ती त्यांची उजवी पानंपण नाहीत, उजव्या पानातले निवडक दिवस आहेत.

डोंबिवली_७_४८

सगळं वाचलं. सगळे बाप्ये हुशार आहेत. अकाउंटंट ताई सोडून एकीनेही तोंड उघडलेलं नाही म्हणून मी उघडते.

अहो वाकडकर, तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये मुलगा आला, डॉक्टर आले, पेट्रोल पंप आला, बायको एकदापण आली नाही. 'घरी सांगितलं तर हसतील' ह्यात आली असेल तर माहीत नाही. तिला विचारलंत का?

मी २६ वर्षं फोर्टला नोकरी केली, सकाळची ७.४८ची लोकल. संध्याकाळी लेडीज डब्यात मेथी निवडायची, मटार सोलायचे, म्हंजे घरी पोचल्यावर अर्धा तास वाचतो. आमच्या ग्रुपमध्ये ज्या दिवशी कुर्ल्याच्या आत बसायला मिळालं, मग ती तिघींच्या बाकावरची चौथी सीट का असेना, आणि भाजी निवडून झाली, तो दिवस चांगला. हसू नका, खरंच तेवढ्यावर आम्ही मोजायचो. साहेबीण झाले नाही, परीक्षा दिली नाही प्रमोशनची, कारण बदली झाली असती. त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. पण वाईट वाटणं आणि बीपी वाढणं ह्यात फरक आहे, वाईट वाटून घ्यावं माणसानं कधीकधी, त्याला पण वेळ द्यावा.

माझ्या बहिणीच्या शाळेची अशीच स्मरणिका निघाली. हुद्दा 'गृहिणी' लिहिलं की पुढचे रकाने लोक आपोआप रिकामे सोडतात. तिनं यशाच्या रकान्यात लिहिलं 'सासूबाईंचे नऊ वर्षांचे अंथरूण'. छापताना संपादकानं ते काढून 'सुखी संसार' टाकलं. अजून बोलत नाही ती त्याच्याशी.

वाकडकर_४१

काकू, बरोबर पकडलंत. विचारलं काल. भांडी लावता लावता विचारलं की माझं यश म्हंजे तुझ्या मते काय असायला पाहिजे. तिला वाटलं मी नोकरी सोडतोय, आधी तेच विचारलं. मग सगळी स्टोरी सांगितली, शीट दाखवली, ती न्यू जर्सीवाल्याच्या सहा ओळींवर पाच मिनिटं हसली. आणि मग म्हणाली, रात्री साडेतीनला उठून तू हॉलमध्ये फेऱ्या मारतोस तेव्हा तुझ्या सपाता वाजतात, मला पण जाग येते आणि मग मला साडेपाचला डब्याला उठायचं असतं, ते बंद कर, ते माझ्यासाठी फार मोठं यश होईल.

मी इथे आठ दिवस तत्त्वज्ञान शोधतोय आणि तिचा प्रश्न सपातांचा.

असो. डावं पान सुरू केलंय, तीनच गोष्टी. सातला लॅपटॉप बंद. अर्धा तास चालणं. शीट न बघणं. महिन्यानं सांगतो.

द्राक्षवाला_निफाड

तीन बास. मी पहिल्या साली सतरा लिहिल्या होत्या, वही नोव्हेंबरातच बंद पडली.

वाकडकर_४१

मंडळी, महिना म्हणालो होतो, सात आठवडे झाले. गेट-टुगेदर होऊन आलो, रिपोर्ट देतो.

डावं पान आधी. पहिल्या महिन्यात २२ कामाचे दिवस. सातला लॅपटॉप बंद ११ दिवस. चालणं १६. शीट न बघणं, पहिले दोन आठवडे साफ नापास, मग फॉर्मची मुदत संपली आणि शीटच बंद झाली, त्यामुळे ते क्रेडिट माझं नाही, उजव्या पानावर टाकलंय. बीपी परवा १३८/८८, डॉक्टर म्हणाले बरं आहे, मीठ तसंच ठेवा.

फॉर्म शेवटच्या रात्री भरला. काय लिहिलं ते देतो:

'सतरा वर्षं इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो.
घराचं कर्ज ८६ महिन्यांत फिटेल.
मुलाला पोहायला घातलं आणि त्याचं बघून चाळिशीत मीपण शिकलो.'

संपादक मंडळातून फोन आला, अरे ते कर्जाचं काढू का, बरं दिसत नाही. काकूंच्या बहिणीचं आठवलं, म्हटलं काढायचं तर सगळंच काढ. राहिलं मग.

कार्यक्रमाला पोटात गोळा घेऊनच गेलो होतो, लपवत नाही. पण जेवणाच्या रांगेत चार जण त्या एका ओळीवर आले. तुझा रेट किती चाललाय, मुदत कमी केलीस का हप्ता. चाकणवाला म्हणाला माझं वर्किंग कॅपिटलचं कर्ज बघितलंस तर तुला चक्कर येईल, चाळीस जणांचा पगार सात तारखेला आणि पार्ट्यांचं पेमेंट नव्वद दिवसांनी. तहसीलदारानं बाजूला घेतलं, मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार, तर म्हणाला ते ८६ महिन्यांचं कॅल्क्युलेशन मला पाठव ना. त्याला माजी अभ्यासिकावासींचा प्रश्न विचारायचा होता, तो राहिला, कारण तेवढ्यात कराओके सुरू झालं आणि तो पहिला उठला.

पेट्रोल पंपवाला खरंच खूश आहे. काही गुपित दुःख वगैरे नाही त्याला, मी शोधायचा प्रयत्न केला. तोही आहे जगात, असू दे. गणित माझंच उतरवलं होतं हे मात्र त्यानं माईकवर कबूल केलं.

खडूस_अकाउंटंट

२२ पैकी ११ म्हंजे ५० टक्के, चालेल. तहसीलदारांना कॅल्क्युलेशन पाठवा, फी नको, फक्त आमचा एक फेरफार दीड वर्ष अडकलाय तो बघायला सांगा. तालुका वेगळा असेल, माहितेय, गंमत करते.

डोंबिवली_७_४८

आणि साडेतीनचं काय झालं?

वाकडकर_४१

काकू, जाग अजून येते. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा.

स्पंजच्या सपाता आणल्यात.

डोंबिवली_७_४८

बरं केलंत. फरशी ओली असेल तेव्हा जपून, त्या घसरतात.